भिंत वाळेपर्यंत थांबणारी माणसं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही दिवसात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात दोन पत्रं आली. एकाने लिहिलं की पूर आला की धर्माच्या नावाने मदतीला येणारे लोक खरं तर आपापला प्रचार करायला येतात, त्यांना दारातूनच परत पाठवलं पाहिजे. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं की असं बोलायची कोणाला लाज कशी वाटत नाही, हे लोक नसते तर काय झालं असतं, त्यांना हात जोडा. मी दोन्ही पत्रं दोनदा वाचली आणि राहवेना म्हणून लिहायला बसलेय, कारण मी दोघांच्या मधली आहे. म्हणजे मी ती बाई आहे जिच्या घरात अशी माणसं साडेचार महिने येत होती, आणि माझ्या अनुभवात दोघंही अर्धंच बोलतायत.

ते कुठल्या धर्माचे होते ते मी लिहिणार नाहीये. एक तर त्यांनीच सांगितलं होतं की कुठे नाव घालू नका, आणि दुसरं म्हणजे मी नाव लिहिलं की अर्धे वाचक तिथेच पत्र बाजूला ठेवतील आणि उरलेले अर्धे पुढचं न वाचताच खूष होतील. मला दोन्ही नकोय. एवढं सांगते की ते आमच्या धर्माचे नव्हते.

आमच्या घरात पाणी कंबरेच्या वर आलं होतं. दीड दिवस राहिलं आणि गेलं. पाणी गेल्यावर लोकांना वाटतं की संपलं, पण ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये की खरं तिथून सुरू होतं. पाणी एकटं येत नाही, गाळ घेऊन येतं, गटाराचं घेऊन येतं, कोणाच्या तरी घरातल्या चपला, औषधाच्या बाटल्या, मेलेली जनावरं, सगळं. घरभर वीतभर गाळ आणि त्याचा वास, जो मला आजही पावसाच्या पहिल्या सरीला येतो. फ्रिज आडवा पडलेला, प्लायवूडचं कपाट फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, गाद्या इतक्या जड की चौघांना उचलेनात. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि आत यायलाच तयार नव्हत्या. माझे मिस्टर बोलतच नव्हते.

पहिल्या आठवड्यात मदत आली, खूप आली, हे मला मान्य करायलाच हवं. गाड्याच्या गाड्या आल्या. त्यात चांगलंही होतं, पिण्याचं पाणी, औषधं, कोरडी अंथरुणं, त्याचा उपयोग झाला. पण त्यात फाटके कपडेही होते, एकेकटे बूट होते, आणि एका पार्टीने तर आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून हातात पाकीट दिलं आणि फोटो नीट आला नाही म्हणून ते परत घेऊन परत दिलं. माझ्या सासूबाईंचं वय तेव्हा बहात्तर. सगळं आयुष्य त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही आणि त्यांना सांगतायत की आजी जरा इकडे बघा. तो फोटो पेपरात आलाही, आपल्या नव्हे, पण आला. त्यांनी तो बघितला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मदत घेणारा माणूस मिंधा होतो म्हणतात ना ते मला तेव्हा नीट कळलं. उपाशी राहण्यापेक्षा ते जास्त बोचतं.

आणि दहाव्या-बाराव्या दिवशी सगळं थांबलं. गाड्या बंद, फोन बंद, बातम्याही बंद झाल्या कारण दुसरीकडे दुसरं काहीतरी झालं होतं. घरात अजून गाळ होता, लाईट नव्हती, आणि आम्ही चौघं जण होतो.

तेव्हा ते लोक आले. सात-आठ जण, त्यात दोन मुली, एक रिटायर्ड गवंडी, एक इलेक्ट्रिशियन, बाकी ऑफिसात काम करणारे आणि कॉलेजची पोरं. बॅनर नव्हता. त्यातले जे सगळ्यात मोठे होते, ज्यांना सगळे काका म्हणायचे आणि मग आम्हीही काकाच म्हणायला लागलो, त्यांनी दारात थांबून विचारलं, आत येऊ का? मला आठवतंय की मी दोन सेकंद काही बोललेच नाही, कारण त्या बारा दिवसात आमच्या घरात कोण कोण आलं गेलं, भिंती मोजून गेले, फोटो काढून गेले, पण आत येऊ का असं कोणी विचारलं नव्हतं. ज्या घराला दार राहिलं नाही त्या घराच्या दारात थांबून विचारलं त्यांनी.

काम सुरू करायच्या आधी ते अंगणात बाजूला गेले, मिनिटभर डोळे मिटून उभे राहिले, आणि मग फावडी घेऊन आत आले. आम्हाला त्यांनी त्यात बोलावलं नाही. रोज हेच करायचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा सासूबाई आपल्या आपण उठल्या आणि त्यांच्यापासून थोड्या लांब उभ्या राहून आपल्या देवाला हात जोडले. त्यावर कोणी काही बोललं नाही, त्यांनी नाही आणि आम्ही पण नाही.

आता मला थोडं कामाबद्दल लिहायचंय कारण हे कुठे छापून येत नाही आणि ज्यांच्यावर वेळ येते त्यांना हे माहीत असायला हवं. पहिली गोष्ट, त्यांनी आधी मेन स्विच बंद आहे ना ते बघितलं आणि इलेक्ट्रिशियनने सगळं तपासल्याशिवाय कोणाला एका बटणाला हात लावू दिला नाही. दुसरं, गाळ ओला आहे तोवर काढायचा, कारण तो वाळला की दगड होतो, तो खरवडताना फरशीही जाते आणि धूळ होऊन छातीतही जाते. आमचा अर्धा वाळायला लागलाच होता, ते म्हणाले की आम्ही आठवडाभर आधी यायला हवं होतं. गाळ काढायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढायला लावले, आमच्याच फोनवर, आमच्याच कामासाठी, भरपाईच्या कागदाला लागतील म्हणून. मग स्वच्छ पाण्याने धुणं आणि त्यानंतर ब्लीच. आणि ब्लीच करताना काकांनी मला बोलावून मुद्दाम सांगितलं की ताई, हे आणि ते टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधी एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो, बंद खोलीत जीव जाईल. मला हे खरंच माहीत नव्हतं, मी नेमकं तेच करणार होते.

दुसऱ्याच दिवशी एक प्रसंग झाला. त्यातल्या एका पोराने, चांगला पोरगा होता, कामाचा झपाटा होता त्याला, सासूबाईंची पत्र्याची ट्रंक उचलली आणि बाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर नेऊन ओतली. त्यात चिखल झालेले कागद होते आणि फोटोंचा एक गठ्ठा, सगळा एकमेकाला चिकटलेला. सासूबाई ओरडल्या. पुरानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो हा. काकांनी काम थांबवलं, सगळ्यांना बोलावलं आणि त्या पोराला आमच्यासमोर रागावले नाहीत पण एवढंच म्हणाले की आजपासून या घरातली एक काडी सुद्धा आजींनी मान हलवल्याशिवाय बाहेर जाणार नाही. मग त्या दोन मुलींनी ते फोटो ढिगातून वेचून आणले, स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत ठेवले, कारण तसेच चिकटलेले वाळले तर कायमचे जातात, आणि दोन दिवस बसून एकेक सोडवला, धुतला आणि चित्राची बाजू वर करून कोरड्या कापडावर पसरला. सगळे वाचले नाहीत. पण सासऱ्यांचा एकच फोटो होता तो वाचला, कोपरा गेलाय, चेहरा आहे.

त्या दिवसापासून सासूबाई खुर्ची टाकून दारात बसायला लागल्या आणि प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोरून जायची. हो, नाही, हो, ठेवा, नाही. काम त्यामुळे हळू झालं, निम्म्या वेगाने झालं असेल. मला तेव्हा वाटायचं की किती वेळ जातोय. आता वाटतं की सासूबाई परत घरात आल्या त्या त्या खुर्चीवरून.

मग प्लास्टर. पाण्याच्या रेषेच्या वर हातभर सगळं प्लास्टर ठोकून काढलं, विटा उघड्या पडल्या. आम्हाला वाटलं की आता पंधरा दिवसात नवीन प्लास्टर, रंग आणि झालं. काका म्हणाले नाही, आता थांबायचं. विटांनी पाणी प्यायलंय, ते आत कोंडून वरून सिमेंट लिंपलं तर सहा महिन्यात लोणा फुटेल, म्हणजे भिंतीवर खार फुटून येईल, रंगाचे पोपडे निघतील आणि आतून बुरशी येईल. किती थांबायचं विचारलं तर म्हणाले भिंत सांगेल.

त्यांची पद्धत इतकी सोपी होती की मला आश्चर्य वाटलं. पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा घ्यायचा, भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचा, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे. काका दर शनिवारी संध्याकाळी येऊन प्लास्टिक चिकटवायचे आणि रविवारी येऊन बघायचे. दव असायचं. ते म्हणायचे अजून नाही, आणि परत जायचे. यायला-जायला त्यांना दोन-अडीच तास लागायचे हे मला फार नंतर कळलं. त्या आठवड्यांमधे बाकीचं काम चालू होतं, दारांच्या चौकटी, वायरिंग, संडासची पाईपलाईन, पण काही रविवारी खरंच दुसरं काही काम नसायचं आणि तरी ते यायचे, प्लास्टिक बघायला. अकरा आठवडे.

शेजारच्या गल्लीत एका ओळखीच्यांनी तिसऱ्याच आठवड्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडून घाईने सगळं लिंपून घेतलं, त्यांनाही दोष नाही, घरात लहान बाळ होतं आणि कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं काही होत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या भिंती पार खपल्या धरून सुटल्या आणि त्यांना सगळं परत ठोकावं लागलं, पैसे दोनदा गेले. मी त्या घरी जाऊन आले तेव्हा मला कळलं की आमच्या घरात जे झालं त्यात विटा-सिमेंटपेक्षा थांबणं जास्त मोलाचं होतं. थांबायला कोणी निधी देत नाही. त्याचा फोटो पण निघत नाही, ओल्या भिंतीवर चिकटवलेल्या प्लास्टिकचा काय फोटो काढणार.

वायरिंगच्या वेळी अजून एक गोष्ट झाली. त्यांचं म्हणणं होतं की सगळे स्विच आणि प्लग पाण्याच्या रेषेच्या वर घ्यायचे, म्हणजे पुन्हा पाणी आलं तर निदान ते वाचतील. बरोबरच होतं. पण सासूबाईंचा उजवा खांदा धरलेला आहे, हात वर जात नाही, आणि त्या म्हणाल्या की मग माझ्या खोलीतला दिवा मी कसा लावायचा. मला वाटलं होतं की इलेक्ट्रिशियन दादा समजावतील, आजी हे तुमच्याच भल्यासाठी आहे वगैरे. ते म्हणाले बघतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खोलीतला एक बोर्ड खाली ठेवून त्याची लाईन वेगळ्या एमसीबीवर घेतली, म्हणजे पाण्याची चाहूल लागली की तेवढी लाईन बंद करता येते. ज्याच्या घरात काम करतोय त्याचं म्हणणं ऐकून डोकं चालवणं ही किती मोठी गोष्ट आहे हे मी इथे लिहून नीट सांगू शकत नाहीये.

त्या दरम्यान एकदा सासूबाईंनी काकांना सरळ विचारलं की तुम्ही हे सगळं का करताय, आमच्याकडून तुम्हाला काय हवंय. त्यांच्या आवाजात थोडा संशय पण होता, मी तो लपवत नाही, कारण त्या पहिल्या पत्रलेखकाच्या मनात जे आहे ते आमच्याही मनात होतंच. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की आजी, हे घर उभं राहीपर्यंत येईन असं मी प्रार्थनेत कबूल करून बसलोय, तुमच्यापाशी नाही, तिकडे. त्यामुळे तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी मला यावं लागणार आणि तुम्ही आभार मानलेत तरी माझं काम कमी होणार नाही.

सासूबाई त्या रात्री मला म्हणाल्या की बरं झालं, म्हणजे आपण त्याचं काही देणं लागत नाही. आणि तेव्हापासून त्या त्यांच्याशी मोकळ्या बोलायला लागल्या. मी यावर खूप विचार केला. श्रद्धेने येणाऱ्या माणसाची खरी ताकद कदाचित ही असेल, की त्याचा हिशोब दुसरीकडे कुठेतरी चाललेला असतो आणि म्हणून तो आपल्याकडे वसुलीला येत नाही. पण हे तेव्हाच खरं जेव्हा तो खरंच वसुलीला येत नाही. जो एका हाताने सिमेंटची गोण देतो आणि दुसऱ्या हाताने आमच्या सभेला या म्हणतो, त्याने तो हिशोब परत आपल्या गळ्यात घातला. असेही आले होते आमच्या भागात, मी नाकारत नाही. झाडू हातात घ्यायच्या आधी पत्रकं वाटणारे. पहिल्या पत्रलेखकाचा राग अशांवर असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

यासाठी नियम पण आहेत, आणि ते आजचे नाहीत. १९९४ साली रेडक्रॉस आणि जगातल्या काही मोठ्या मदत संस्थांनी मिळून आपत्तीत काम करणाऱ्यांसाठी एक आचारसंहिता केली, तिच्यात दहा कलमं आहेत आणि ती मान्य करणाऱ्यांमधे धार्मिक संस्थाही आहेत. त्यात सरळ म्हटलंय की मदतीचा वापर कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटायला होणार नाही. म्हणजे श्रद्धेने यायला बंदी नाही, श्रद्धा विकायला आहे. तिच्यातलं एक कलम असंही म्हणतं की ज्यांना मदत करायची त्यांना त्या कामाच्या कारभारात सामील करून घ्यायचं. आमच्या सासूबाईंची खुर्ची म्हणजे तेच ना. काकांनी ती आचारसंहिता वाचली होती का मला माहीत नाही, मी तरी नंतर वाचली.

आणि श्रद्धेने असं राबणारी माणसं जगात काही आत्ता निर्माण झालेली नाहीत. यातल्या एकाबद्दल मला लिहायचंच आहे कारण तो आपल्या देशात येऊन गेला आणि आपल्याकडे त्याचं नाव फार कोणाला माहीत नाही. पिएर सेरेसोल, स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. त्याचे वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते आणि हा मात्र लष्कराचा कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जायचा, कारण त्याच्या धर्माने त्याला माणूस मारू नको सांगितलं होतं आणि ते त्याने मनावर घेतलं होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मधे त्याने थोडी माणसं जमवून फ्रान्समधलं युद्धात पार उद्ध्वस्त झालेलं एक गाव उभारायला सुरुवात केली, आणि त्याच्या टोळीत जर्मन पण होते, म्हणजे ज्या देशाशी लढाई झाली तिथलीच माणसं. गावकऱ्यांना ते सहन झालं नाही आणि काही महिन्यात ते काम बंद पडलं. दुसरा कोणी असता तर तिथेच सोडलं असतं. १९२७ ला ऱ्हाईन नदीचा बांध फुटून लिश्टेनश्टाईन या छोट्याशा देशातली शेतं गाळाखाली गेली, तर पुढच्या वर्षी याच्या हाकेला सुमारे ७०० माणसं वेगवेगळ्या देशातून आली आणि शेतातले दगड-गाळ उपसत बसली.

मग १५ जानेवारी १९३४ ला बिहारमधे तो मोठा भूकंप झाला. गांधीजी १९३१ मधे स्वित्झर्लंडला गेले होते तेव्हा याची त्यांची भेट झालेली. हा पंचावन्नच्या आसपासचा माणूस बोटीने इथे आला, राजेंद्रप्रसादांना भेटला, आणि भूकंपाने आणि पुराने राहण्यालायक न राहिलेल्या गावातल्या लोकांसाठी उंच जागेवर नवीन वस्त्या बांधायच्या कामाला लागला, गावकऱ्यांच्या बरोबरीने, स्वतः फावडं घेऊन. एकदा येऊन गेला नाही. १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिला. मला त्याच्या गोष्टीत हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण भूकंपानंतर पहिल्या महिन्यात येणारे तेव्हाही पुष्कळ असतील, तिसऱ्या वर्षी येणारे किती असतील?

अमेरिकेत मेनोनाईट म्हणून ख्रिश्चनांचा एक पंथ आहे, त्यांच्या काही तरुणांनी १९५० मधे कॅन्ससमधे एक संघटना सुरू केली जी आजही वादळ-पुरानंतर घरं बांधते, आणि तिची ओळखच ही आहे की बाकीचे गेल्यावर हे असतात, २००५ च्या कतरीना वादळानंतर ते वर्षानुवर्षं तिथे होते. तैवानच्या त्झू ची या बौद्ध संस्थेने २००९ मधे फिलिपिन्समधल्या मारिकिना शहरात पूर आला तेव्हा मला फार पटलेली गोष्ट केली, त्यांनी पूरग्रस्तांनाच आपापले रस्ते आणि वस्ती साफ करायला रोजावर लावलं. म्हणजे हातात मिळालेला पैसा भीक नाही, मजुरी. आपली गल्ली आपण साफ केली आणि घरी पैसे घेऊन आलो, यात आणि ओळीत उभं राहून पाकीट घेण्यात किती अंतर आहे ते ज्याने पाकीट घेतलंय त्याला विचारा.

आणि आपल्या देशातलंच बघायचं तर २०१८ चा केरळचा पूर. त्रिशूर जिल्ह्यात माळा नावाच्या गावाजवळ मशिदीत पाणी होतं म्हणून ईदची नमाज देवळाच्या हॉलमधे झाली, आणि त्याच दिवसात वायनाडमधे मुसलमान पोरांनी देवळात शिरलेला गाळ काढला. कोणी कोणाचा धर्म बदलायला गेलं नव्हतं. पहिल्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे की हे पण डोळ्यासमोर ठेवा.

दुसऱ्या पत्रलेखकांनाही सांगायचंय. हात जोडा म्हणालात, पण आमच्याकडे आलेल्यांना ते नकोच होतं, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांची जबाबदारी संपते असंही नाही. नदीच्या पात्रात भराव कोणी टाकले, पाण्याचा इशारा रात्री उशिरा का आला, भरपाईचे कागद महिनोनमहिने का अडकले, याची उत्तरं कुठल्याही स्वयंसेवकाकडे नसतात. काका स्वतः हेच म्हणायचे, की आम्ही भिंत बांधू शकतो, नदी हलवू शकत नाही. चांगल्या माणसांनी येऊन गाळ काढला म्हणून गाळ कोणामुळे आला हे विचारायचं आपण सोडलं तर पुढच्या पुरात परत त्याच माणसांना बोलवायचं, असंच होणार.

काम ते नेहमी चांगलंच करायचे असंही नाही, हे पण लिहायला हवं. पोरं नवीन होती. स्वयंपाकघरातल्या फरशीचा उतार उलटा गेला आणि ती परत काढावी लागली, एक दार आजही नीट लागत नाही. पण उतार उलटा गेलाय हे त्यांनीच येऊन सांगितलं, आम्हाला कळायच्या आधी. आणि माझा मुलगा, तेव्हा सोळाचा, पुरानंतर दिवसभर मोबाईलमधे तोंड घालून बसायचा, त्याला गवंडी आजोबांनी एकदा ओळंबा धरायला दिला, तो त्यांच्याबरोबर उभा राहिला तो राहिलाच. आतल्या खोलीच्या भिंतीचं अर्धं प्लास्टर त्याच्या हातचं आहे. थोडं खालीवर आहे, उन्हात दिसतं. आम्ही ते तसंच ठेवलंय. मिस्टरांनी पण हळूहळू थापी हातात घेतली, आणि मग बोलायला लागले.

आता संपादक साहेब, तुमच्याकडे माझी जी विनंती आहे ती. मघाशी ज्या आचारसंहितेबद्दल लिहिलं तिचं शेवटचं, दहावं कलम प्रसिद्धीबद्दल आहे. त्यात म्हटलंय की आपत्तीत सापडलेल्यांना प्रसिद्धीमधे लाचार म्हणून दाखवायचं नाही, सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं. ते मदत संस्थांसाठी लिहिलंय पण पेपरवाल्यांनाही लागू व्हायला काय हरकत आहे? पुढच्या पुरात कृपया पाकीट घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा फोटो छापू नका. किंवा निदान तिला विचारून छापा, आत येऊ का विचारतात तसं.

आणि दुसरं, तुमचे बातमीदार पहिल्या आठवड्यात येतात ते यायलाच हवेत, पण त्यांना चौथ्या महिन्यात परत पाठवा. त्याच गल्लीत. तेव्हा बघा कोणाच्या भिंती उघड्या आहेत, कोणाकडे अजून लाईट नाही, कोण अजून नातेवाईकांकडे राहतंय, आणि कोण अजून येतंय. तेव्हा लागणारी मदत वेगळी असते. कपडे नको असतात, कपड्यांचे ढीग आम्ही नंतर जाळले. तेव्हा दोन दिवस देणारा इलेक्ट्रिशियन हवा असतो, सुतार हवा असतो, कागद भरून देणारा आणि ऑफिसात बरोबर येऊन बसणारा माणूस हवा असतो, आणि म्हाताऱ्या माणसांशेजारी नुसतं बसणारं कोणीतरी. हे तुम्ही छापलंत तर येणारी माणसं आहेत, देवळातली आहेत, मशिदीतली, चर्चमधली, गुरुद्वारा-विहारातली, आणि काहीच न मानणारीही आहेत. त्यांना कळत नाही कधी आणि कुठे यायचं.

बाराव्या रविवारी काका आले, प्लास्टिक काढलं, उजेडात धरून बघितलं, आणि सासूबाईंच्या हातात दिलं. कोरडं होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, साडीच्या पदराने पुसून बघितलं, आणि म्हणाल्या लावा प्लास्टर.

या शनिवारी मी आणि मुलगा त्यांच्याबरोबर दुसऱ्या एका घरी चाललोय. तिथे चौथा महिना चालू आहे आणि भिंती अजून ओल्या आहेत. टेप आणि प्लास्टिक मी घेतलंय. आपला बातमीदार येणार असेल तर आधी त्या घरच्या बाईंना विचारून कळवते.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये)